कपाटावरची मनी

लेकीला वाचायची गोडी लागावी म्हणून मी महिनाभर डोळे फोडून हत्तीचं पुस्तक रंगवलं. जाऊबाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेनने मनी मांजर काढलं, तेही बटाट्यासारखं, आणि पानं दोऱ्याने शिवली. लेक तेच कवटाळून झोपायची. जेवताना मनी, आंघोळीलाही मनी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी ते पुस्तक मी कपाटावर, बॅगांमागे दडपलं. दुसऱ्या दिवशी लेक माझं पुस्तक मांडीवर घेऊन बसली. मला आभाळ ठेंगणं झालं. मुद्दाम हाक मारली, “जाऊबाई, जरा बाहेर या हो, गंमत बघा!” त्या पिठाच्या हातांनीच आल्या. लेकीने हत्तीवर बोट ठेवलं आणि खणखणीत वाचलं, “मनी आली. मनी दूध प्यायली. मनी पळाली.” जाऊबाई हसल्या, “अगं, हा हत्ती ना?” “हो. पण त्याला गोष्टच नाहीये, काकू. म्हणून मनीची दिली.”