कुंपणावरचे कावळे

मुरबाड स्टँडसमोर सकुबाईच्या हॉटेलात धाऊनं पेपर उलटा केला, सुलटा केला, शेवटी झटकलासुद्धा. टिकूनाना काही खाली पडला नाही. त्याच्या जागी सुडोकू होतं.

कोपऱ्यातल्या नरेंद्रनं चहाचा कप खाली ठेवला. चौदा वर्षं ठाण्याच्या त्या पेपरात तो रोज तीन चौकटींत टिकूनानाचं व्यंगचित्र काढत होता. बंद करताना संपादक म्हणाले, "वाचकांची मागणी आली तर बघू." मागणी अजून वाटेत होती.

"आमचा टिकूनाना कुठं गेला गो सकू?" धाऊ ओरडला. "पेपरवाल्यांना फोन लाव. आमचा नुसकान होतोय!"

नरेंद्र उभाच राहिला. "तो मी काढायचो. नरेंद्र."

"तुमी?" धाऊनं टॉवेलनं बाक पुसलं. "बसा देवा. सकू, भजी दे यांना. टिकूनं माझ्या घरावर पत्रं घातलीत!"

नरेंद्रला भरून आलं. "कुठला विनोद आवडला होता?"

"विनोद?" धाऊनं मागच्या बाकाकडे पाहिलं. मागचं बाक भजी खात होतं. "ता अक्षर आमी नाय वाचत. मागं कुंपणावर कावळं असतात ना, ते मोजायचं. पाच कावळं बसलं का मटक्याला पंजा लावायचा. आता मेल्यांनी सगळी चौकटच आकड्यांनी भरली. त्यातला कुठला लावायचा?"

नरेंद्र खाली बसला. कावळे त्यानं मोकळी जागा बरी दिसत नाही म्हणून काढले होते.

धाऊनं सिगारेटचं पाकीट फाडून कोरी बाजू पुढे सरकवली. "हितंच काढा. टिकू नको, त्याच्यात टाइम जातो."

"किती काढू?"

"सांगून काढला तर गंमत काय रव्हली?"

बाकं सरकली. माना पुढे आल्या. त्याच्या रेघेकडे इतक्या जवळून कधी कुणी पाहिलं नव्हतं. नरेंद्रनं खांब काढले, तार ओढली. मग पेन कागदावर टेकून राहिलं. कावळा काही येईना.

बऱ्याच वेळानं धाऊनं कागद अलगद ओढून घेतला, उजेडात धरला. त्याचा चेहरा फुलला.

"शून्य!" तो मटक्याच्या टपरीकडे धावता धावता म्हणाला, "इतका साफ आजवर नाय काढलात कधी, नरेंद्रभाऊ!"