वर गेलेली रेघ

पडद्यावर सगळ्यांच्या रेघा उतरत होत्या. दर तीन महिन्यांनी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचं रक्त काढून, लसीची ताकद अंगात किती उरली ते मोजलं होतं. तिसऱ्या महिन्यात उंच, सहाव्यात निम्मी, नवव्यात पार जमिनीला टेकलेली. एकच रेघ उतरता उतरता ताडकन वर गेली होती.

"ही माझी," मोठे डॉक्टर म्हणाले. "वय एकसष्ट. पहाटे उठतो, गोडाला हात लावत नाही. शरीराला शिस्त लागते, मंडळी!"

पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या. ती रांग टाळ्यांपुरतीच होती. तिच्यातल्या एकानेही वर्षभरात साथीच्या वॉर्डाचा उंबरा ओलांडला नव्हता.

तिसऱ्या रांगेतल्या सिस्टरचे हात मांडीवरच राहिले. तिचा आकडा तळाला गेला होता. घरी दहा महिन्यांची लेक. आंघोळ करून, केस धुऊन तिला उचलतानाही सिस्टर आधी श्वास रोखायची.

लॅबमधला नवा डॉक्टर भाबडा निघाला. "पण सर, मध्ये डोस घेतल्याशिवाय रेघ अशी चढत नाही."

"असतात काही शरीरं तशी. तेव्हा तुमची तिसऱ्या डोसची मागणी मी परत पाठवतोय. दोन डोसांवर साठीचा माणूस ठणठणीत, मग तुम्हाला काय धाड भरलीय?"

दाराशी स्टुलावर धुलाईखात्यातल्या मावशी बसल्या होत्या. वॉर्डातल्या चादरी त्याच उचलायच्या. दोन महिन्यांपूर्वी, साठीला टेकलेल्या वॉर्डवाल्यांसाठी मोजके जादा डोस आले होते. मावशींची पाळी आली आणि त्यांना "संपले" असं सांगण्यात आलं. सांगणारी सिस्टरच. नुकतीच मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर आलेली. "हे आपल्या दोघांतच," ते सदऱ्याची बटणं लावत म्हणाले होते, आणि तीही, पाठीला कणाच नसल्यासारखी, "हो सर" म्हणाली होती.

सिस्टर उठली.

"सर, तुमच्या शिस्तीची नोंद करायची राहिलीये."

"कसली नोंद?"

"तिसऱ्या डोसची. डावा दंड. मीच टोचला. मावशींच्या वाट्याचा होता."

पहिल्या रांगेला एकाएकी आपापल्या मोबाईलमध्ये तातडीची कामं सापडली. भाबडा डॉक्टर एकदा पडद्याकडे, एकदा साहेबांच्या दंडाकडे बघू लागला.

मोठ्या डॉक्टरांनी घसा खाकरला. "तो... तो प्रयोग होता. आधी स्वतःवर करून बघावं लागतं. जबाबदारीच्या जागेवर बसल्यावर जीव धोक्यात घालावा लागतो माणसाला."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं.

"मग गुण आला ना, साहेब?" मावशींनी विचारलं.

"हो, म्हणजे तसा आला, पण..."

"झालं तर."

मावशी उठल्या. चपला ओढत रांगांमधून आल्या. मोठ्या डॉक्टरांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सिस्टरपुढे उभं राहून बाही खांद्यापर्यंत सारली.

"आता संपले म्हणू नकोस, पोरी."

कोपरापर्यंत ब्लीचने सोलवटलेला हात, आणि त्याच्या वर, दुसऱ्याच कुणाचा असावा असा, कोवळा दंड.