वरच्या बांधाचा धूर

"ए म्हातारे, बाहेर ये आधी!" गोजरबाईच्या दारात उभा राहून संभाजी ओरडला. त्याच्या मुठीत द्राक्षाची पानं होती. कालपर्यंत हिरवीगार असलेली ती पानं आता उकडलेल्या भाजीसारखी काळी पडून बोटांना चिकटत होती.

त्याच्या मागून त्याची बायको सुकन्या धापा टाकत आली. "अवं, आधी इचारा तरी तिला. मग बोला काय बोलायचं ते."

पण संभाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आणि का जाऊ नये? पहाटे साऱ्या सांगवीच्या शिवारात धूर झाला. सगळ्यांच्या बागा वाचल्या. एकट्या त्याची गेली. पहिलाच बहर होता, मणी नुकते कुठं फुगायला लागले होते.

अप्पांच्या टीव्हीवर थंडीच्या लाटेची बातमी आली, तशी अप्पांनी सगळ्यांना पारावर बोलावलं होतं. अप्पा गावातले सगळ्यात जुने द्राक्षवाले, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. एकट्यादुकट्याच्या शेकोटीनं भागायचं नाही, सगळ्यांनी मिळून पहाटे धूर करायचा, असं ठरलं. वारं उत्तरेचं, म्हणून धूर बागेच्या वरच्या अंगालाच हवा. तिथून तो आपसूक बागेवर पसरतो. संभाजीच्या बागेला वरच्या अंगानं गोजरबाईचं रान लागून होतं. तेव्हा पदर सावरत तीच म्हणाली होती, "त्या बांधावर मी करीन धूर. ती माजी जबाबदारी."

जबाबदारी! संभाजीला आता त्या शब्दाचीच चीड आली. हिला कसली आलीय जबाबदारी? हिच्या रानात हरभरा. हरभऱ्याला थंडी म्हणजे तूपसाखर. जेवढी कडाक्याची पडेल तेवढे घाटे जास्त. दुसऱ्याची बाग जळाली तर हिच्या बापाचं काय जातंय? झोपली असेल खुशाल गोधडीत. हिचा नवरा जन्मभर मेंढरं घेऊन हिंडला, हिला बागाईत काय कळणार, असंही तो वाटेत बडबडला होता. ते ऐकून सुकन्याच्या कपाळाला आठी पडली होती.

आणि त्यानं स्वतः काय कमी केलं होतं? विहिरीचं कोमट पाणी बागेला पाजलं होतं. वेलांच्या बुडख्यांना गोणपाट गुंडाळलं होतं. आदल्या दिवशी गाडी जुंपून पाचटसुद्धा आणलं होतं. बांधाला उसाच्या वाळल्या पाल्याचा हा ढीग नुसता पडून होता. ऊसतोडवाले टाकून जातात आणि ज्याला लागेल तो घेऊन जातो, अशी गावाची रीतच. सुकन्या तेव्हाही म्हणाली होती, "कुणाचं हाय ते इचारा तरी." तो हसला होता. "पाचटाला कुठं मालक असतो व्हय?"

वरचं अंग गोजरबाईनं घेतलेलं, म्हणून त्यानं ते खालच्या अंगाला, विहिरीपाशी पेटवलं. धूर झाला, चांगला दणदणीत झाला. पण वारा त्याला घेऊन ओढ्याकडं गेला. तो काय त्याचा दोष? वरून धूर यायला हवा होता. तो आलाच नाही.

दार उघडलं. गोजरबाई बाहेर आली ती काठी आपटतच.

"बरं झालं आलास, संभा. मी तुज्याकडंच निघाली हुती. मुडदा बशिवला त्या चोराचा!"

"चोराच्या उलट्या बोंबा!" संभाजी गरजला. "चार माणसांत कबूल झालीस ना? मग धूर का न्हाय केलास? तुजा हरभरा मजेत हाय म्हणून?"

"धूर करू कशाचा? माजी हाडं जाळू?" गोजरबाईचा आवाज त्याच्याही वर चढला. "माजा ऊस भवानीनगरच्या कारखान्याला गेला, तवापासनं पाचट राखून ठिवलं हुतं. दारात ना बैल, ना गाडी. भारं बांधून डोक्यावर वाह्यलं म्या, आन् आपल्या मधल्या बांधाला ढीग रचला. पहाटं काडीपेटी घिऊन गेली, तर जागा मोकळी! नुसती गाडीची चाकोरी उमटल्याली."

सुकन्यानं नवऱ्याकडं पाहिलं आणि लगेच मान दुसरीकडं वळवली. संभाजीची मूठ सैल झाली. काळी पानं गोजरबाईच्या पायाशी पडली.

ती वाकली. एक पान उचलून तिनं अंगठ्यानं चोळलं.

"समदी गेली?"

संभाजीनं कशीबशी मान हलवली.

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ पुन्हा संताप. तिनं काठी त्याच्या हातात कोंबली.

"हुडक त्या चोराला, संभा. घावला तर सोडू नगंस. माजं काय, पाचट गेलं. मेल्यानं बाग तुजी जाळली."