पर्यायी दत्ताराम

प्रमिलाबाईंनी नवरा परत पाठवला. पण ते नंतर, आधी तो आला कसा ते ऐका.

वारलेल्या नवऱ्याची, दत्तारामांची, चालती-बोलती यंत्रप्रत त्यांनी ऑनलाइन मागवली होती. "मूळ नग शिल्लक नाही, मिळताजुळता पाठवतो," असं दुकानाने कळवलं आणि बाईंनी न वाचताच होकार दिला.

आलेल्याने माशाचं कालवण चाखलं. "छान झालंय, प्रमिला."

दत्ताराम चाळीस वर्षं चांगल्या कालवणालाही "खारट केलंस गो" म्हणत आले होते. बाईंनी त्यात मूठभर मीठ ओतलं. "आता?"

"आणखी छान."

त्याने बिचाऱ्याने ताटही धुतलं. बाई पदराने डोळे पुसत परतीचा अर्ज भरू लागल्या: "वस्तू उत्तम आहे. तरी भांडणारा मूळ नग खाली सही करणारीच्या हयातीत पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती."