मिशीवाला उडता मासा

“माझ्या लेकीने नवा उडता मासा शोधला, त्याला माझं नाव दिलं!” असं आई गल्लीभर सांगत सुटली होती. आज ती मासा बघायला थेट प्रयोगशाळेतच धडकली. लेकीने हातातली बाटली चोरासारखी एप्रनच्या खिशात लपवली. “अगं बाई, याला मिशा आहेत की! माझ्या नावाला बरा मिशीवाला शोधलास,” टेबलावरच्या बरणीला नाक लावून आई हसली. हनुवटीवरच्या त्या दोन मिशांवरूनच लेकीने जात वेगळी ठरवली होती. खिशातल्या बाटलीत मात्र सकाळीच जाळ्यात आलेला, नेहमीच्याच जातीचा वाढता मासा होता. एक मिशी गळलेली, दुसरी गळायला आलेली. तिची नवी जात म्हणजे जुन्याच माशाची पिल्लं होती. “मी गेले तरी माझं नाव समुद्रावर उडत राहील,” म्हणत आईने डोळे टिपले. लेकीने मान खाली घालून खिशाचं बटण लावलं.