रक्ताची पत्रिका

पोह्यांची पहिली बशी रिकामी होण्याआधीच डॉक्टर श्यामकांतांनी मुलाचं रक्त मागितलं.

मुलगा यतीन, इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात इंजिनियर. त्याचं आणि डॉक्टरांच्या लेकीचं, नेत्राचं, आधीच जमलं होतं. आजचे पोहे नावापुरते. पण बोलता बोलता यतीनचे वडील विश्वनाथराव म्हणाले, माझा धाकटा भाऊ मोटर न्यूरॉनच्या आजारानं गेला. झालं. जावयाकडे कौतुकानं बघणारे डॉक्टर त्याच्याकडे नमुन्यासारखे बघू लागले. नेत्राचा चेहरा पडला.

पत्रिका जुळवणाऱ्यांची डॉक्टर जन्मभर टिंगल करत आले होते. ग्रह कसले बघता, जनुकं बघा, हे चंदीगडच्या मराठी मंडळींना दर गणपतीत ऐकावं लागे. त्यांचा अधिकारही तसाच होता. अमेरिकेत दोन वर्षं त्यांनी याच रोगाच्या जनुकावर काम केलं होतं. दहातल्या नऊ रुग्णांत हा रोग घराण्यातून आलेला नसतो, हे ते विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावत. पण विद्यार्थ्यांना काही मुलगी द्यायची नव्हती.

"दोष सापडला तर सोयरीक विसरा," डॉक्टर म्हणाले. "आमच्या घराण्यात असलं काही नाही."

"देतो ना, सर. आत्ता घ्या," म्हणत यतीननं बाही वर केली. विश्वनाथराव खाली मान घालून बसले.

चहा घेऊन आलेल्या सरोजताईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, हा रोग दिसतो तरी कसा?"

डॉक्टर खुलले. समजावून सांगायला त्यांना फार आवडे. "आधी सदऱ्याचं बटण लागत नाही. पंजा सुकत जातो. मग जीभ जड होते, घास घशात अडकतो. बुद्धी मात्र शेवटपर्यंत लख्ख."

सरोजताईंनी ट्रे खाली ठेवला.

"संगमनेरला मामंजींचं अस्संच झालं होतं. बटणं मी लावायचे, भरवायचेही मीच. सगळे म्हणाले, अंगावरून वारं गेलं. तुम्ही तेव्हा अमेरिकेत होतात."

तोंडातले पोहे गिळायला डॉक्टरांना बराच वेळ लागला. सरोजताईंनी यतीनची बाही हलकेच खाली ओढली आणि नवऱ्याकडे वळल्या.

"आधी तुमची बाही वर करा."