डॉलरची खाज

"तूच नेतोस त्याला नाक्यावरच्या अंड्याच्या लारीवर. माझ्याकडं बघून नाही म्हण." शोभाबाईंनी गजेंद्रची कॉलरच धरली.

"आई, मी त्याला अंडं चारलं असेल तर हात झडो माझा. कितीदा सांगू?" गजेंद्र तडकला.

दोघांच्या मधोमध बसून डॉलर मागच्या पायानं कान खरवडत होता. कान लालभडक झाला होता. कुत्र्याला अंड्याची ॲलर्जी आहे, अंडं पूर्ण बंद करा, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. आणि घर तर माळकऱ्यांचं. इथं अंड्याचं नाव काढलं तरी शोभाबाई चूळ भरायला लावायच्या.

"आजपासून पट्ट्याला हात लावायचा नाहीस. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पप्पाच त्याला फिरवतील. आणि पंधरा दिवसांत खाज थांबली नाही, तर कुत्रं बारडोलीला, मामाच्या उसात."

गजेंद्रनं डॉलरला जवळ ओढलं. पप्पांनी, म्हणजे बन्सीलालनी, गळ्यातली माळ चाचपत मान हलवली. त्या दिवसापासून ते डॉलरला तासतासभर फिरवून आणू लागले. एवढी हौस त्यांना लग्नाच्या वरातीतपण नव्हती, असं शोभाबाई शेजारणीला कौतुकानं सांगायच्या.

पंधराव्या दिवशी डॉलरच्या शेपटीचेसुद्धा केस गेले होते.

शोभाबाईंनी गजेंद्रकडं पाहिलं. गजेंद्रनं पप्पांकडं पाहिलं. मग शोभाबाईंनीपण सावकाश तिकडंच मान वळवली. रविवार होता, पप्पा कामाला होते तो कारखाना बंद होता.



"मला आता निघायला पाहिजे," बन्सीलाल चपला पायात सरकवत म्हणाले, "ड्युटीला उशीर होतोय."